ॲडमिनचा वाढदिवस

मी माफ करणाऱ्यांतली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची वाट बघत बसायला नको. आमची आई म्हणायची, थोरली पाण्यावानी हाय आन् धाकटी बाभळीवानी. थोरली म्हणजे माझी अक्का. बाभळ मी.

देवगाव फाट्यावर माझं डिझाइनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, श्रद्धांजलीचे बोर्ड आणि सगळ्यांत जास्त म्हणजे वाढदिवसाचे फ्लेक्स. डिझाइन मी इथं बसून करते, छपाई सेलूच्या मशीनवर होते आणि गुंडाळी दुसऱ्या दिवशी काळीपिवळी जीपमधून परत येते. आमच्या भागात माणूस जन्मला हे त्याच्या आईला जेवढं माहीत असतं, त्याहून जास्त चौकातल्या खांबाला माहीत असतं. कालपर्यंत टपरीवर बसलेला पोरगा वाढदिवसाच्या सकाळी गॉगल लावून बोर्डावर उभा राहतो आणि त्याच्या पायाशी मित्रांच्या फोटोंची रांग लागते. माझी चूल त्यावरच पेटते, म्हणून मी हसत नाही. निदान गिऱ्हाइकासमोर तरी नाही.

अक्काला फाट्यापासून आत एका गावात दिलेलं आहे. दाजी गवंडीकामावर पुण्याला असतात. अक्का गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचं दुपारचं जेवण शिजवते. तिच्या हातचं खाऊन मोठी झालेली पोरं आता कॉलेजात गेली. आम्ही बौद्ध, आजोबांच्या पिढीपासून. गावात आमची पाचपंचवीस घरं, बाकी सगळं गाव दुसरं. कुणाच्याच मनात काही नव्हतं असं मी म्हणणार नाही. मनातलं मनात होतं आणि पोरं ताटात पडलेलं खात होती. अक्काला एवढं पुरेसं वाटायचं. मला कधीच वाटलं नाही, पण जगणं तिचं होतं.

मग ते पेज निघालं. सिंहाच्या जबड्याचं चिन्ह आणि खाली तलवारीच्या अक्षरातलं नाव. चालवणारा कोण, ते कुठंच नाही. आधी बाजारातल्या बांगडीवाल्यावर पोस्ट निघाली, त्याच्याकडून माल घेऊ नका म्हणून. मग जिंतूरच्या बसमध्ये बुरखा घालून बसलेल्या दोघींचा चोरून काढलेला व्हिडिओ. खाली शिव्यांचा पूर. लोक वाचत होते, पुढं ढकलत होते आणि भेटल्यावर एकमेकांना म्हणत होते, आजकालच्या पोरांचं काही खरं नाही.

एक दिवस त्यावर माझी अक्का आली.

शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या खिडकीतून काढलेला फोटो. ती पातेल्यावर वाकलेली. वर लिहिलेलं, ‘हिच्या हातचं तुमची लेकरं खातात. धर्म सोडलेले लोक अन्नात काय कालवतात, कधी विचारलंत?’ पुढं आमच्या जातीवर जे होतं ते मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर त्यांचंच काम फुकटात केल्यासारखं होईल.

अक्का दुपारच्या गाडीनं दुकानात आली. शेजारच्या पोरीनं तिला ते नुसतं सांगितलं होतं. स्टुलावर बसली, पाणी प्याली आणि मला म्हणाली, “मला बी दाखव.” मी दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं.

“केस तर नीट बांधले व्हते की गं मी,” ती म्हणाली. “डोक्याला फडकं बी व्हतं. तरी आसं का लिव्हलं?”

तिला वाटलं होतं, स्वच्छतेत काही कमी पडलं असेल. तिच्या त्या प्रश्नानं माझ्या अंगाचा जो जाळ झाला, तो अजून विझलेला नाही. विझवायची मला घाईही नाही.

आठवड्याभरात पोरांच्या दप्तरातून डबे निघायला लागले. आधी चार, मग वर्गच्या वर्ग. काही पोरं आईनं बजावलं म्हणून डबा उघडायची आणि डोळे पातेल्याकडं ठेवायची. अक्का शिजवायची आणि उरलेलं आमच्या वस्तीतली पोरं खायची. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता, पण कणा नव्हता. तो म्हणाला, “बाई, वरून विचारणा झाली तर मी काय सांगू? तुमच्याच भल्यासाठी काही दिवस दुसरं कुणी बघू का?” शाळा समितीचा अध्यक्ष त्याच्या शेजारी बसला होता. मोठा शेतकरी, पांढरे कपडे, बोलणं तुपात घोळलेलं. “आमच्या मनात काय बी न्हाई बाई,” तो म्हणाला, “पर लोकांचं तोंड धरता येतंय का? पुढल्या बैठकीत बघू.”

पुढल्या बैठकीत अक्काला काढणार, हे बांधावरच्या गुरांनाही कळलं होतं. तिला पैशाची चिंता होतीच. पण ती मला म्हणाली ते वेगळं. “काढलं तर काढू देत. पर मी काहीतरी कालवलं म्हणून काढलं आसं व्हईल. मग मी मरस्तोवर तीच.”

त्या दिवसापासून मी पेजच्या मागं लागले.

पोस्टी मोबाइलवरून मोबाइलवर फिरत आमच्यापर्यंत यायच्या, पण मूळ पेज बाहेरच्याला दिसत नव्हतं. आधी विनंती पाठवायची, मग ते आत घ्यायचे. मी दुकानाच्या दुसऱ्या नंबरावर एका पुरुषाच्या नावानं खातं उघडलं, फोटोच्या जागी ट्रॅक्टर लावला आणि आत शिरले. रोज सकाळी दुकान झाडून झालं की आधी तिथलं बघायचं. कोणत्या दिवशी काय टाकलं, कुणी काय लिहिलं, सगळं फोटो काढून ठेवायचं. उकिरडा उकरायला बसल्यासारखं वाटायचं. मग त्यांनी जाहीर केलं की नुसतं बघून गप्प बसणाऱ्यांना काढून टाकणार, आपल्यात गद्दार नकोत. अक्कावरची दुसरी पोस्ट पडली, ताटाला हात न लावणाऱ्या पोरांचं कौतुक करणारी. तिच्याखाली मला हसरं तोंड टाकावं लागलं. माझ्या बहिणीवर मी हसले. टाकलं, मोबाइल पालथा ठेवला आणि मनात म्हणाले, बाळा, ह्याचं व्याज मी तुझ्याकडून घेणार आहे.

परभणीला एक वकीलबाई आहेत, आमच्या समाजाच्या अशा केसेस बघतात. त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “मजकूर भक्कम आहे. पण माणूस कुठाय? पेज कुणाचं, हे पोलीस कंपनीला विचारणार, कंपनी उत्तर देणार, तोवर तुमची बहीण घरी बसलेली असेल. मला माणूस द्या.” मी माणूस शोधला. पोस्टखाली टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या मागं गेले. सगळे सावध. एकमेकांना भाऊ, वाघ, राजे म्हणायचे, खरं नाव कुणी घ्यायचं नाही. मी थकले होते, खोटं कशाला बोलू.

आणि आंधळा मागतो एक डोळा, तर देव देतो दोन.

एका सकाळी अकराच्या सुमारास एक पोरगा दुकानासमोर बुलेट लावून आत आला. दाढी कोरलेली, अंगात भरतीसाठी पळणाऱ्या पोरांचा असतो तसला टी-शर्ट.

“ताई, बोर्ड करायचाय. वाढदिवसाचा. लय जबरी झाला पायजे.”

“कुणाचा वाढदिवस?”

“माझाच की.”

इथं कुणी हसू नका. आमच्याकडं असंच असतं. बोर्डावर ‘समस्त मित्रपरिवार’ लिहिलेलं असतं आणि फोटो निवडण्यापासून गॉगलचा रंग काळा करण्यापर्यंत सगळं वाढदिवसवालाच शेजारी बसून करून घेतो. त्यानं मोबाइल काढला आणि माझ्या दुकानाच्या नंबरावर धडाधड फोटो पाठवायला लागला. वर डाव्या कोपऱ्यात वडिलांचा फोटो टाका म्हणाला, खाली ‘प्रेरणास्थान’. मी फोटो उघडला तर पांढऱ्या कपड्यातला, तुपात बोलणारा समिती अध्यक्ष.

मी गावाचं नाव विचारलं. त्यानं अक्काच्या गावाचं सांगितलं. फाट्यावरच्या डिझाइनवाल्या बाईची बहीण त्याच्या गावात नांदते, हे त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. स्वयंपाकवाल्या बाईला माहेर असतं, हे अशा लोकांच्या ध्यानात येत नाही.

मित्रांच्या फोटोंखाली काय काय घालायचं ते तो सांगत गेला. एकाला ‘किंगमेकर’, एकाला ‘भावी सरपंच’. मग स्वतःचा फोटो मधोमध, सगळ्यांत मोठा.

“माझ्या नावाखाली ‘ॲडमिन’ टाका. सोनेरी अक्षरात.”

माझा हात माउसवर होता तो तिथंच राहिला. “कशाचे ॲडमिन?” मी विचारलं, जमेल तितक्या गोड आवाजात.

त्यानं पेजचं नाव सांगितलं. मी म्हणाले, ऐकलंय, पण ते तुमचं आहे असं कुठं लिहिलेलं नसतं. त्याला ते झोंबलं. “आवो ताई, समदं आपलंच हाय. टाकतो बी मीच, लिव्हतो बी मीच. हे बघा.” त्यानं पेज उघडून माझ्यासमोर धरलं. चालवणाऱ्यालाच दिसतं ते सगळं होतं, आत घ्यायच्या विनंत्या, न टाकलेल्या पोस्टी. त्यात अक्काचा आणखी एक फोटो तयार करून ठेवलेला. मी तो पाहिला आणि म्हणाले, “मग सिंहाचं चिन्ह पण टाकू की. तुमच्याकडची मूळ फाइल पाठवा, म्हणजे मोठं केलं तरी फाटणार नाही. आणि नाव-हुद्दा कसा पाहिजे ते लिहून पाठवा. नंतर माझी चूक निघायला नको.”

दोन्ही त्यानं तिथंच उभ्याउभ्या स्वतःच्या नंबरावरून पाठवलं. पूर्ण नाव, पुढं पेजचं नाव, पुढं ‘संस्थापक ॲडमिन’. संस्थापक त्याला जाता जाता सुचलं. महिनोन्‌महिने नाव लपवणारा गडी चौकात आपला मोठेपणा टांगायचा म्हटल्यावर स्वतःहून दोर घेऊन आला. आमच्या भागाच्या ह्या रोगाला मी जन्मभर नावं ठेवली. त्या दिवशी मनोमन हात जोडले.

तसला बोर्ड मी आयुष्यात केला नव्हता. जीव ओतून केला. गॉगल काळा केला, दाढी दाट केली, मागं ढग, खाली आगीच्या ज्वाळा. ‘संस्थापक ॲडमिन’ला अशी सोनेरी झळाळी दिली, की रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतूनही वाचता यावं. वडिलांच्या ‘प्रेरणास्थान’ला तीच झळाळी. सेलूच्या छपाईवाल्याला फोन करून सांगितलं, शाई हात राखून वापरू नको. बोर्ड गावच्या कमानीला लागला, तसे मी समोरून, बाजूनं, कमानीवरच्या गावाच्या नावासकट फोटो काढले. पोरगं शेजारी उभं होतं. त्यानंही पोझ दिली.

वकीलबाईंनी ते सगळं पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या. अक्काच्या नावानं तक्रार तयार झाली. पोलीस ठाण्यात आधी नेहमीचं झालं, बसा, बघू, गावातलं गावात मिटवा. मग साहेबांनी बोर्डाचा फोटो हातात घेतला. पोरानं पाठवलेला मजकूर वाचला. “ह्यानं तर सही करून दिल्यासारखंच आहे,” ते म्हणाले आणि लिहून घ्यायला बसले. अध्यक्षाला बोलावलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होते. आतून आवाज आला, “तुम्हीच का ते प्रेरणास्थान?” ते ऐकून मला जे सुख झालं, ते लग्नातही झालं नव्हतं.

पोराला अटक झाली. पुढं जामीन मिळाला, पण गावात पाय ठेवायचा नाही ह्या अटीवर. पेज बंद पडलं. वाघ आणि राजे एका दिवसात आपापली खाती पुसून शेताकडं गेले. समितीची बैठक मात्र अजून व्हायची होती, आणि पोरांचे डबे सुरूच होते. पेज गेलं तरी त्यानं सोडलेलं विष घराघरात होतंच.

मग अध्यक्ष अक्काच्या घरी आला. जन्मात पहिल्यांदा आमच्या वस्तीत. बरोबर समितीतले दोघं. मी तिथं होते. अक्कानं खुर्च्या दिल्या, चहा केला. त्या दोघांनी कप उचलले. अध्यक्ष म्हणाला, “आत्ताच झालाय घरी.” कप तसाच राहिला, वर साय धरली. अक्कानं ती पाहिली. मीही पाहिली.

“पोरगं येडं हाय बाई,” तो म्हणाला. “त्याची पोलीस भरती हाय. रोज पहाटं पळतंय. केस राह्यली तर त्याचं समदं संपलं. तू लेकरावानी समज.”

मी तोंड उघडणार तोच अक्कानं माझा हात दाबला. “दादा,” ती म्हणाली, “उद्या दुपारी शाळेत या. पंगतीला बसा. पोरांसंगं जेवा. तुमी तिघं बी.”

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. अध्यक्षाच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैल झाला. “बास, एवढंच ना?” तो म्हणाला. “येतो की.”

ते गेल्यावर मी अक्काला नको नको ते बोलले. एका ताटावर केस विकलीस म्हणाले. तुझ्यासाठी मी त्या घाणीत बसले, आणि तू त्याला जेवू घालून सोडतीस. साय धरलेला चहा तिनं मोरीत ओतला आणि कप दोनदा घासला. मी रागारागानं फाट्यावर परत आले. पण दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून गेलेच. बघायचं तरी होतं.

शाळेच्या व्हरांड्यात पोरांच्या दोन रांगा. पहिल्या रांगेत, मध्यभागी, तिघं मांडी घालून. पोरांच्या पुढ्यात डबे होते, पण कुणी उघडलेले नव्हते. सगळ्यांचे डोळे अध्यक्षाच्या ताटाकडं. अक्कानं डोक्याला फडकं बांधलं होतं. तिनं खिचडी वाढली.

“थोडंच,” तो म्हणाला. “सकाळी जड झालंय.”

“पाव्हण्यावानी काय करायलाव दादा? आपलीच शाळा हाय,” अक्का म्हणाली आणि डाव भरून घातला.

त्यानं पहिला घास तोंडात घातला तेव्हा अख्खा व्हरांडा गप्प होता. गिळला. मग दुसरा. ताट निम्मं झालं की अक्का समोर. त्यानं ताटावर आडवा हात धरला. आमच्याकडं पंगतीत आडव्या हाताला कुणी भीक घालत नाही. अक्का डाव हातात धरून तशीच उभी राहिली, चेहऱ्यावर हसू. “घ्या, घ्या. माझ्या हातचं आवडलं न्हाई म्हनतील लोकं.” हात काढावा लागला. पुन्हा डाव पडला. शेवटी त्यानं ताट सरकवलं, तेव्हा समोरच्या रांगेतली एक चिमुरडी ओरडली, “काका, ताटात ठेवायचं न्हाई! बाई रागावत्यात!” पोरं खदखदा हसली. त्यानं ताट परत ओढलं आणि शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. घामानं त्याची पांढरी पाठ भिजली होती. मी इतक्या जवळून, इतक्या आवडीनं कुणाचं जेवण कधी बघितलं नाही.

त्या चिमुरडीनं आपला डबा दप्तरात कोंबला आणि रिकामं ताट पुढं केलं. मग तिच्या शेजारणीनं. मग ताटांचा एकच खडखडाट. खिचडी पुरली नाही, अक्कानं दुसऱ्यांदा चूल पेटवली. मुख्याध्यापक तिच्याजवळ आला आणि खाली बघत विचारलं, “बाई, उद्या किती जणांचं शिजवायचं?”

“समद्यांचं,” अक्का म्हणाली.

अध्यक्ष नळावर हात धुऊन आला. पोट पुढं आलेलं, आवाज पुन्हा तुपातला. “झालं ना बाई मनासारखं? उद्या सकाळी गाडी पाठवतो. ठाण्यात जाऊन तेवढं मागं घे.”

अक्का पातेलं खरवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“जेवाया या म्हनलं व्हतं दादा. जेवलाव.”

“आन् ते केसचं?”

“केसचं कुठं काय बोलनं झालं व्हतं? ती चालू हाय.”

बाभळ म्हणून जन्मभर मी मिरवले, आणि काटा हिच्याकडं निघाला. अक्कानं मला पातेल्याची एक बाजू धरायला सांगितली. आम्ही दोघींनी ते उचललं आणि नळाकडं निघालो. तो ओले हात पुढं धरून तसाच उभा होता. पुसायचा फडका माझ्या खांद्यावर होता. मी दिला नाही.